खराट्याची गाडी

टेम्पोच्या मागच्या फळीला खराटा बांधलाय,
काथ्यानं, शेंडा वर करून.
शर्यतवाल्यांची रीतच आहे म्हणे ही:
सगळ्यांच्या मागून जायचं,
जो गळेल त्याला उचलायचं,
सायकल टपावर, गडी आत,
पाठीवरचा नंबर पंचांच्या पाकिटात.

मी दस्तगीर मुलाणी, मेढ्याचा.
एकतीस वर्षं एसटी चालवली.
हात केला की थांबायचं, एवढंच शिकलो.
इथं हात करत नाही कुणी.
पहिल्या गिअरात, क्लच जाळत
नुसतं मागं राहायचं.

चार दिवस झाले.
चहाच्या गाड्यावर लोक विचारतात, मामू, पहिला कोण?
मला काय माहीत.
मी फक्त शेवटच्याची पाठ पाहिलीय.
परवा पाटणच्या पुढं दोघं घेतले,
एकाचा खांदा निखळलेला,
तो फोनवर आईला सांगत होता,
जेवलो गं, जेवलो.

आज सत्त्याऐंशी.
भरतेश मगदूम, समडोळीचा.
जिंकायचं त्याचं कामच नव्हतं.
मागं यायचं, टीमच्या गाडीतून बाटल्या घ्यायच्या,
जर्सीच्या पाठीत कोंबायच्या, उरतील त्या गळ्यातून आत,
आठ बाटल्यांची कुबड घेऊन
पुन्हा घोळक्यात घुसायचं.

पाचवडला त्यांच्या मोठ्या गड्याचं चाक फुटलं.
ह्यानं आपलं काढून दिलं.
घेणाऱ्यानं वर पाहिलं नाही, देणाऱ्यानंही.
मग उसाच्या कडेला उभा राहिला
एका चाकाची सायकल धरून,
लंगडी शेळी धरतात तसा.
दुसरं चाक येईपर्यंत
शर्यतीचा आवाजसुद्धा वाईकडं गेला होता.

वाईत बंदोबस्त उठलेला.
हवालदार शिट्टी खिशात टाकून भेळ खात होता.
शाळेची पोरं कागदी झेंडे गोळा करत निघालेली,
त्यातल्या एकीनं आमच्यासाठी पुन्हा हलवला,
उगाच.

पसरणीचा घाट.
इथं एसटीला मी डॅशबोर्डवर थोपटायचो, चल बाई, चल.
ह्याला काय म्हणू?
त्याची सावली सारखी माझ्या बंपरखाली येत होती,
ती चिरडू नये म्हणून अंतर ठेवलं.
वायरलेस म्हणाला,
सत्त्याऐंशी वेळेबाहेर चाललाय, आत घ्या.
घाटात आवाज तुटतो.
बटण दाबलं की
जरा जास्तच तुटतो.

तिसऱ्या वळणावर तो हळू झाला,
दाराला हात लावला.
संपलं, म्हटलं मी. ब्रेक दाबला,
कडीकडं हात नेला.
"मामा, पाणी आहे का?"

पुढच्या पिंजऱ्यातली बाटली कोरडी.
मागच्या पिंजऱ्यातलीही.
माझी जुनी, पिवळी पडलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली दिली.
दोन घोट प्यायला, एक मानेवर ओतला
आणि परत केली,
झाकण लावून.

दांडेघर नाक्यापुढं
शेवटच्या कमानीतली हवा सोडलेली,
ती डांबरावर पसरली होती, पोरं तिच्यावर लोळत होती.
चुन्याची रेघ तेवढी शिल्लक.
तिच्यावरून तो गेला,
मान खाली घालून, नीट मधोमध.
घड्याळवाले खुर्च्या मिटत होते.

पंच म्हणाला, टेम्पोत जागा नव्हती?
होती की, म्हटलं. सात.

नंबर सोडवताना चार पिना निघाल्या.
त्यानं त्या मिटून माझ्या तळहातावर ठेवल्या,
उद्या कुणाला लागतील म्हणून.

उद्या महाबळेश्वरवरून मेढ्यात उतरायचंय,
माझ्याच दारावरून.
मेहरून उंबऱ्यात उभी असेल, हात करील,
आणि मला थांबता येणार नाही.
काथ्या ढिला झालाय.
झोपायच्या आधी खराटा पुन्हा आवळायला हवा.