आवक

स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत बारा पावलं.
प्रमदा ती दिवसातून वीसदा चालायची, हातात पेन ड्राइव्ह.
भाजणीची लेबलं तिच्या लॅपटॉपवर,
प्रिंटर माझ्या डेस्कटॉपला.
परवा पेन ड्राइव्ह मेतकुटाच्या बरणीत सापडला.
म्हटलं, बास. जोडू दोन्ही.
इथे कॉपी, तिथे पेस्ट.

एकतीस वर्षं न्हावा शेव्याला कंटेनरचे कागद सोडवले मी.
हेही पोर्टचंच काम,
फक्त इथल्या पोर्टचा नंबर चोवीस हजार आठशे
आणि क्रेन नाही.

माझ्याकडून तिच्याकडे जायचं सगळं.
तिच्याकडून माझ्याकडे काही नाही.
मी पिंग केलं की तिचा लॅपटॉप चारही वेळा ओ द्यायचा,
डोळ्याचं पातं लवायच्या आत.
तिने मला केलं की
वाट पाहून वेळ संपली, वेळ संपली, वेळ संपली.
'हे मला नवीन नाही,' प्रमदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राउटरने तिचा पत्ताच बदलला.
शेवटी सात होता, अकरा झाला.
सेक्टर तोच, घर तेच, कढईही तीच.

तिसऱ्या दिवशी कळलं,
माझं मशीन या घराला पब्लिक समजतंय.
म्हणजे वाशीचा डेपो, सीवूड्सचा मॉल
आणि नेरुळचा हा हॉल, जिथे मी बनियनवर बसतो,
त्याच्या लेखी एकच.
चार वर्षं दार लावून बसलेलं.
मी प्रायव्हेट केलं.
तरी नाही.

कारण दरवान दोन निघाले.
दुकानातल्या पोराने फुकट म्हणून टाकलेला अँटिव्हायरस,
मुदत कधीच संपलेली,
पण ड्युटीवर.
असे लोक मला माहीत आहेत.
आमच्या शेडला एक पाटणकर होते,
रिटायर झाल्यावरही वर्षभर सकाळी गेटवर उभे,
पास बघायला.

'दोन्ही बंदच करा की,' प्रमदा म्हणाली.
छे. गेट उघडं टाकून यार्ड चालत नाही.
पाटणकरांना घरी पाठवलं,
उरलेल्याला बसून समजावलं:
आवक. नवा नियम. हेच पोर्ट, घरातलाच पत्ता.
परवानगी.
नियमाला नाव द्या, म्हणाला.
मी लिहिलं: प्रमदा.

'पाठव काहीतरी!'
'थांबा हो, हात पिठाचे आहेत,
अजून काही कॉपी नाही केलं.'

पण मी पेस्ट दाबून बसलो होतो.

नोटपॅडवर अकरा आकडे उतरले,
खाली बँकेचा कोड.
शेवटचे चार मला पाठ आहेत.
हर्षल नऊ वर्षांचा होता,
बेलापूरच्या शाखेत मीच उघडलं ते खातं.
सहीच्या चौकटीत त्याने जहाज काढलं होतं,
मॅडमनी हसून दुसरा फॉर्म दिला.
आता दोन वर्षं
या घरातून त्याला एक पैसा जायचा नाही
असं मी सांगून ठेवलंय.

'आलं का?'
'आलं.'
'काय आलं?'
'आकडे.'

आत झारा वाजायचा थांबला.
मग मी पुन्हा पेस्ट केलं तेव्हा
थालीपीठ भाजणी, अर्धा किलो.
क्लिपबोर्डवर एका वेळी एकच माल मावतो.

तपासणीला फोडलेली पेटी परत ठोकायची एक पद्धत असते.
जुन्याच भोकांत खिळे. आतलं जिथल्या तिथे.
सेव्ह करू का, नोटपॅडने विचारलं.
नको.

नियम मात्र राहू दिला.

लेबलं छापली, चोवीस.
ती न्यायला प्रमदा बारा पावलं चालत आली
आणि घेऊन लगेच गेली नाही.
'एवढ्याशासाठी तीन दिवस?'
'तीन दिवस काहीच नाही,' मी म्हणालो,
'दोन-दोन वर्षं अडकलेला माल बघितलाय.'

तिने लेबलांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या.
'आणि त्याचं डॅमरेज,' ती म्हणाली,
'कोण भरतं?'