मापवही

सेंटर स्ट्रीटला आमचं दुकान. पाटी इंग्रजीत:
हेंद्रे अँड सन्स. सन एकच,
तोही काज करताना बोट टोचून घेणारा.
मडमांना मी हात लावायचा नाही, असा रिवाज.
पडद्याआड येसू टेप धरायची.
आकडे मीच शिकवले तिला, बत्तीसपर्यंत.
ती ओरडायची, मी लिहायचो.

लढाईआधीची पानं काढून बघा.
कंबर बावीस. कंबर एकवीस. कंबर बावीस.
श्वास कुठं ठेवत असतील गं बाई, येसू म्हणायची.
दुकानात विलायतेहून आणलेली लाकडी बाई होती,
बिनडोक्याची, तीही बावीसचीच.
साऱ्या कॅम्पाचे झगे तिच्या अंगावर उभे राहिले.

मग चार वर्षं काळ्या पट्ट्या.
दंडाला, अडीच इंच रुंद, वारच्या वार.
सेंट मेरीची घंटा अवेळी वाजली
की मी कात्रीला हात घालायचो.
थोरल्या भावाचा दगडू बसऱ्याला गेलेला, खेचरं हाकायला.
त्याचं माप वहीत नाही, सदरा सरकारनं दिला.
त्याचा कागद आला तेव्हा दुकानात काळ्या कापडाचा ढीग,
आणि आमच्यात काळं बांधत नाहीत.

लढाई संपली ती मला वहीनं सांगितली.
कंबर सव्वीस. कंबर अठ्ठावीस.
येसूला वाटलं, आपलंच चुकलं. परत टेप लावला.
अठ्ठावीसच.
घेर गेला, घोटा दिसला, पुढं पोटरी.
कापड कमी, मजुरी तीच; मी कशाला बोलतोय.
लाकडी बाईचं मात्र अवघड झालं.
पोटाभोवती चिंध्या गुंडाळल्या, गोणपाट,
वर माझं जुनं धोतर.
गरवार दिसायला लागली.

पेंबर्टन मडम, साहेब फ्रान्सात पुरलेला,
म्हणाली, खिसे लाव. दोन्हीकडं. खोल.
कशाला, येसूनं विचारलं.
हात घालायला.
लढाईत ती तिकडं दारूगोळा भरत होती,
हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते म्हणे.
हळद लागल्यासारखे, येसू बोलून गेली
आणि जीभ चावली.
मडमेला कळलं नाही. ती सांगत होती,
तिची जुनी मोलकरीण आता कचेरीत टाइप करते,
बोलावलं तर येत नाही.

कर्नलची मेहुणी, जिचं वय म्हणजे लष्करी गुपित,
भर दुकानात सांगू लागली, तीस झाली, तीस!
तीस पुरी झाली की तिकडं बाईला मत मिळतं.
आणि पुरुषाला?
एकविसाव्या वर्षी.
म्हणजे जुन्या कमरेएवढं, येसू पडद्याआडून.

एका दुपारी एक मेजर आला.
वहीत नोंद आहे: डावी बाही शिवून बंद.
बाकावर आधीच एक सार्जंट बसलेला.
तो उठला नाही.
मेजर काही न बोलता त्याच्या शेजारी बसला,
काडी पेटवायला त्याच्याकडंच पुढं झुकला.
उभा होतो तो मी एकटा.
दोन बाह्यांचे पैसे घ्यावेत की एकीचे,
हे रात्रभर ठरेना.

मडमांनी टाकलेल्या आवळपट्ट्यांतून हाडाच्या काड्या निघायच्या.
पोरानं त्यांचा पतंग बांधला.
जड झाला. गारपीर पार करायच्या आतच पडला.

त्याच संक्रांतीला येसूनं चोळीला आतून खिसा लावला,
मला न विचारता.
कनवट होती की, म्हटलं.
कनवट सोडायला चार माणसांदेखत कंबर चाचपावी लागते, म्हणाली.
मग म्हटलं, माप तरी सांग, वहीत घेतो.
इतक्या वर्षांत तिचं माप वहीत नव्हतं.
ती पडद्याबाहेर आली. लेखणी इकडं द्या.
आणि स्वतःच लिहिलं: चौतीस.
बत्तीसच्या पुढचं कधी शिकली, ठाऊक नाही.
चार उलटा आहे.