रकाना क्रमांक नऊ

मोचेमाडच्या चढाखाली, जिथे रस्ता
काजूच्या बागेला वळसा घालून खाडीकडे उतरतो,
तिथला खुरीस मोजायला गेलो मी
टेप, होकायंत्र आणि कार्यालयाचा छापील नमुना घेऊन.

उंची चार फूट सात इंच.
आडवा हात डावीकडे बोटभर तोकडा.
दगड काळा, चौथरा जांभ्याचा.
काळ : अंदाजे सोळावे शतक.
(‘अंदाजे’ दोनदा गिरवलं.)
मागच्या अंगाला अक्षरं असावीत,
आता अक्षरांची फक्त जागा आहे.

चुना खरवडायचा होता.
पात्याच्या टोकाने पापुद्रे सुटत गेले,
एकतीसपर्यंत मोजले, मग नाद सोडला.
दर मे महिन्यात, फेस्ताआधी,
इनास रॉड्रिग्ज काथ्याच्या कुंचल्याने एक थर देतो,
त्याआधी त्याचा बाप द्यायचा, त्याआधी
इनासलाही नाव न आठवणारा कुणी.
‘खरवडतास ता बरा,’ म्हणाला,
‘पण उघडो दिसता.’
आणि दोन दिवस त्या वाटेला फिरकला नाही.

रकाना नऊ. हानी : स्वरूप व कारण.
चौथऱ्याच्या उजव्या कोपऱ्यावर वाटोळी खळगी,
रुंदी सव्वा फूट, खोली दोन बोटं,
कडा गुळगुळीत,
विहिरीच्या काठाला दोर घासून होतात तशा.
पाणी म्हणावं तर उतार नाही.
लिहिलं : कारण अज्ञात.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू कुबल आली.
वाकली नाही, नुसती मान कलती केली,
आणि बांगड्यांची पाटी डोक्यावरून उतरून
बरोब्बर त्या खळगीत बसली.
‘हयसर टेकल्याबिगर चढ चढूक येता काय कोणाक?
माझी आवस हयच टेकी. तिची सासूय.’
मग ओल्या हातानेच
खुरसाचा पाय शिवली, कपाळ शिवलं,
आणि आबोलीचं एक फूल
केसातून काढून तिथे ठेवलं. तेवढंच.

मी ‘अज्ञात’ खोडलं. लिहिलं :
येसू कुबल, तिची आई, आईची सासू.
साहेबांनी लाल शाईत विचारलं :
ही हानी आहे की वापर? खुलासा करावा.
खुलासा अजून माझ्या टेबलावर आहे.

मंजुरी मात्र आली, दिवाळीनंतर.
चारी बाजूंनी कठडा, कुलूप.
स्मारकास स्पर्श करणे, त्यावर वस्तू ठेवणे दंडनीय.
तिथे आता एकच पाटी टेकते,
निळी, विभागाची.

मागच्या पाहणीला येसू भेटली,
कठड्याबाहेर, पाटी डोक्यावर तशीच.
किल्ली माझ्या खिशात होती.
ती मागेल असं वाटलं. मागितली नाही.
‘जरा हात लाव,’ म्हणाली.
दोघांनी मिळून पाटी धुळीत उतरवली,
मासळीचं पाणी बाहीतून
कोपरापर्यंत आलं.
किती वजन असेल, मी विचारलं.
‘कधी मोजूक नाय.’
घाम पुसला, खुरसाकडे एकदा पाहिलं.
‘आता उचलून दी.’