शेरा

वडील गेल्यावर कपाटातून सात वह्या निघाल्या.
लाल कापडी पुठ्ठा, आत त्यांनीच मारलेल्या रेघा:
तारीख, फूट, इंच,
आणि शेवटी उगाच रुंद ठेवलेला रकाना,
शेरा.

आम्ही इंदुरात, लोधीपुऱ्यात.
ते निंबोल्याच्या पाळीवर, खात्याच्या चौकीत.
शनिवारी रात्री यायचे, धोतराला शेवाळाचा वास,
सोमवारी पहाटे परत, पाणी मोजायला.
आई म्हणायची, तळं काय पळून जातंय?

आकडे देवनागरीत, साहेबांसाठी.
शेरा मोडीत.
मोडी मी साठीला आल्यावर शिकलो, या वह्यांपायी,
एका निवृत्त कारकुनाकडे, मंगळवार-शुक्रवार.

*नऊ फूट चार. नंदराम कीराच्या धाकटीचे बेटम्याला जमले.*
*अकरा फूट. शिंगाड्याच्या वेलावरून खाती आणि कीर भांडले.
दोन्हीकडे चहा घ्यावा लागला. झोप नाही.*
*हमीद मणियार पेटीसकट पाण्यात. बांगड्या निघाल्या.
हमीदही निघाला.*
*अमावास्या. पोरींनी संजा पाण्यात सोडली, सोळा दिवसांचे शेण, फुले.
पातळी जैसे थे.*

आणि दरसाल, पाऊस सरला की, एकच ओळ:
*केसरबाईने विचारले. सांगितले नाही.*
सात वह्यांत एकोणीस वेळा.
काय विचारलं, ते कुठेच नाही.

मार्गशीर्षात गेलो.
गाव आता टेकाडावर आहे. पाळ उंच केली तेव्हा
चढून आलं, म्हणाले. भेरूजीला चौघांनी
घोंगडीत घालून आणलं. कडुनिंब तिथेच राहिला.
ट्रकच्या ट्यूबवर बसून पोरं वेल उलटे करत होती
आणि पाणी त्यांच्या मांड्यांशी काळंभोर.

केसरबाई उन्हात शिंगाडे सोलत होती.
ओवरसेरबाबूचा का तू? म्हणाली.
(वडील ओव्हरसियर कधीच नव्हते. मी होय म्हटलं.)
बोट पाण्याकडे केलं: ते खोड दिसतंय, त्याच्या समोर
माझं दार. बाबूला विचारायचे,
आज माझ्या उंबऱ्यावर पाणी किती?
तो पट्टीकडे बघायचा, ओठ हलवायचा,
म्हणायचा, हिशेब करावा लागेल.

चौथी वही पिशवीतच होती. दुष्काळाचं साल.
*९ एप्रिल. सात फूट एक. केसरबाईचा उंबरा उघडा पडला.
गाळ उपसून तिने सारवला. गेरू, खडू, मांडणा काढला.
मी पलीकडे तोंड करून उभा.*
पुढे *जून २२. उंबरा गेला.*
समासात, पेन्सिलीने, सात-एक. दोनदा गिरवलेलं.

म्हणजे त्या सालापासून त्यांना हिशेब नव्हताच करायचा.
नुसती वजाबाकी.

पाळीवर गेलो. सौरपत्र्याखाली एक कुलूपबंद डबा
भोपाळला आकडे धाडतो. गावात कुणी विचारत नाही
तो काय धाडतो. जुनी पट्टी अजून उभी आहे,
रंग उडालेली, तेराच्या वर एक पाणकावळा.
तेरा फूट सहा. वजा सात-एक.

परत येऊन सांगून टाकलं,
सहा फूट पाच इंच, केसरबाई.
एवढी वर्षं कुणाचं तरी देणं राहिलेलं
तसं.

तिने हातातला शिंगाडा पुरा केला.
म्हणाली, ते मला माहीत आहे रे.
नंदरामचा बांबू कशाला होता?
बाबू कसा सांगत नाही,
ते बघायला जायचे मी.

मग माझ्या ओंजळीत चार घातले, न सोललेले,
आणि म्हणाली, काटे सांभाळ.