आकाश वगळून

मीटर म्हणतो, सिग्नल शून्य.
मी म्हणतो, मीटरला काय विचारता तांडेलकाका,
समोर बघा.

समोर गेल्या शिमग्यापर्यंत आकाश होतं.
आता एकविसावा स्लॅब, हिरवी जाळी,
आणि जाळीमागे कुठेतरी, छत्तीस हजार किलोमीटरवर,
तुमचं एचडी.

माहीम कोळीवाडा, दुपारचे अडीच.
दोरीवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून,
माझ्या हातात दहा नंबरचा पाना
आणि गंजलेला बोल्ट, जो ऐकत नाही.
खालून काकी: "मुंग्यापण नाहीत रे!"

मुंग्या जुन्या अँटेनाला यायच्या, काकी.
तेव्हा चित्र आजारी पडायचं,
अंगभर पुरळ, आवाज घोगरा,
तरी चालत राहायचं बिचारं.
आताचं असतं, नाहीतर नसतं.
जाताना फक्त चौकोन चौकोन होतात,
बातम्या देणाऱ्या बाईची हनुवटी कपाळावर चढते,
मग निळा पडदा
आणि त्यावर एक नम्र वाक्य.

ती जुनी अँटेना अजून आहे टाकीपाशी,
फासळ्या मोजून घ्याव्यात अशी.
एका फासळीला सोड्यांची पिशवी टांगलीय.
तोंड अजून वरळीच्या मनोऱ्याकडेच,
कुणी सांगितलंच नाही तिला.

मुलगा म्हणतो, फोनवर दिसतं की सगळं.
काका म्हणतात, फोनवर पापलेटपण दिसतं.

त्यांना हव्यात सातच्या बातम्या, मराठी, इथल्या,
आणि शेवटी हवामान.
नकाशावरचे बाण स्वच्छ दिसायला हवेत,
वारा कुठून, किती.
होडी विकून नऊ वर्षं झाली.
वारा ऐकल्याशिवाय जेवत नाहीत.

"तुझा तो उपग्रह हलतो का?"
नाही काका. आपल्यापुरता जागेवरच असतो.
"मग खडकासारखाच की."
आणि ते सांगू लागतात,
पाण्यावर खूण करता येत नाही,
म्हणून किनाऱ्यावरच्या दोन उंच वस्तू धरायच्या,
पुढचा क्रूस, मागचा डोंगर,
एकावर एक आल्या की थांबायचं.
मग दुसऱ्या बाजूच्या दोन.
रेषा भेटतात तिथे जाळं.

माझ्या मोबाईलमधलं होकायंत्र गिरक्या घेत होतं,
आजूबाजूला लोखंड फार.
काकांनी एक डोळा मिटला,
आणि खेकड्यासारखे आडवे चालू लागले,
बोंबलांखालून वाकून, टाकीला वळसा घालून,
क्रेनचा हात आणि जुन्या टॉवरची कड
एकमेकांना भिडेपर्यंत.
"ही बघ. फट."

खरंच होती.
आग्नेयेला, दोन इमारतींच्या मध्ये,
हातभर आकाश, मळकट, पण आरपार.
फक्त आम्ही उभे होतो तिथे कठडा संपत होता
आणि पुढची गच्ची सिसिलिया मिस्किटांची.

सिसिलियाबाई कपडे वाळत घालत होत्या.
ऐकून घेतलं, चिमटे तोंडात धरूनच.
मग चिमटे काढले आणि म्हणाल्या,
भोकं पाडा, पण एक वायर मला.
आणि रविवारी मिस्सा लागली
तर कुणी आवाज वाढवून नाच करायचा नाही.
काकांनी मान डोलावली.
बोलणं दीड मिनिटात संपलं,
भोकं पाडायला पाऊण तास लागला.

एक्केचाळीस. अठ्ठावन्न. परत चाळीस.
केसभर वर. तेवढंच डावीकडे. श्वास घेऊ नका.
बहात्तर.
खालून काकींची किंकाळी:
"आलं! अगं बाई, बाईच्या नाकावर घाम आहे!"

शिडी घडी करताना मला ते दिसलं,
फटीच्या बरोबर खाली, पत्र्यांच्या कुंपणात,
पायलिंगचं पिवळं मशीन,
दुसऱ्या विंगचं.
काकांनाही दिसलं असणार.
वाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं त्यांनी, बोलले नाहीत.

पावतीवर मी लिहिलं, वॉरंटी एक वर्ष.
मग पेन थोडं थांबलं,
आणि खाली, बारीक अक्षरात,
"आकाश वगळून."

काकांनी चष्मा न लावता सही केली.
खाली जाऊन टीव्ही बंद केला.
सात वाजायला अजून वेळ होता,
उगाच वीज कशाला जाळा.