एकशे बारावं पान

हेक्सहमला मंगळवारी बाजार भरतो
आणि वाऱ्याला कंटाळलेली माणसं
माझ्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरतात.
पुस्तकं क्वचित घेतात. हीटर वापरतात.

त्या मंगळवारी कथबर्ट डॉड आला.
मेंढ्यांचा माणूस. टोपी हातात, बुटांना चिखल.
म्हणाला, "तो तुमचा विनोदी, राक्षसबिक्षसवाला,
वारला तो. त्याचं कुठून सुरू करायचं असतं?"

झालं. दुकानाची ग्रामसभा झाली.
पोस्टातली मॉरीन म्हणाली, पहिल्यापासून, दुसरं काय,
सिनेमाला मध्यंतरात जातं का कुणी?
शाळा बुडवून बसलेला रॉरी म्हणाला, पहिलं नको,
त्यात त्याला विनोद सापडलेलाच नाही,
नुसता शोधतोय,
चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, तसा.
चौथं घ्या. उंचीला भिणारा राक्षस
विहिरीत राहायला जातो, ते.
मी म्हटलं, सातवं.
मी सगळ्यांना सातवंच देते,
ज्यात राजाची सावली सावकाराकडे गहाण पडते
आणि सावकार तिला राजापेक्षा बरं वागवतो.
ज्यांना ते आवडत नाही
त्यांच्याशी मी हवापाण्याच्या गप्पा मारते.

डॉडनं सगळं ऐकलं, लिलावात ऐकतात तसं,
भुवई न हलवता.
"थेल्मानं सगळी वाचलीत. एकतीस.
रात्री पलंग हलायचा तिच्या हसण्यानं.
मी म्हणायचो, दिवा मालव, पहाटे मेंढ्या व्यायच्यात.
एवढं काय हसतेस, हे विचारायचं
राहूनच गेलं."

हीटर तेवढा बोलत राहिला.

"शेवटचं तिच्या उशाशी आहे.
एकशे बाराव्या पानात लोकरीचा धागा.
तिथून पुढे ती नाही."

मॉरीननं तोंड उघडलं, मिटलं.
आणि मी, जिला बावीस वर्षं
या प्रश्नाचं एकच उत्तर येत होतं,
म्हणाले, "एकशे तेराव्यापासून."

पुढच्या मंगळवारी तणतणत आला.
कोण हा राक्षस? विहिरीतून निघताना रडतो का?
आणि त्याच्या रडण्यावर मी हसलो का?
"त्यासाठी तिसावं वाचावं लागेल."
तिसावं वाचून आला, सावली कुणाची म्हणून भांडला.
त्यासाठी एकोणतिसावं.
असा तो उलटा निघाला,
उत्तरं आधी, प्रश्न मागून.
पुस्तकागणिक लेखक तरुण होत गेला,
कच्चा, जरा वात्रट,
आणि समासातलं थेल्माचं अक्षर
आधी थरथरतं, मग ठणठणीत, मग घाईचं.
एके ठिकाणी: हे कथबर्टला वाचून दाखवायचं.
आणखी मागे नुसतंच: क.

सातव्याला मी त्याचा चेहरा निरखून पाहिला.
"बरं आहे," म्हणाला.
आम्ही हवापाण्यावर बोललो.

नोव्हेंबरात, टाइन नदी फुगली त्या आठवड्यात,
त्यानं पहिलं पुस्तक काउंटरवर ठेवलं.
"पोरगा बरोबर होता. हा इसम नुसता शोधतोय."
मग मुखपृष्ठ उलटून दाखवलं.
आत, निळ्या शाईत, तिचं माहेरचं नाव:
थेल्मा मिलबर्न.
खाली तारीख. आमची गाठ पडली
त्याच्या आदल्या शनिवारची, म्हणाला.

बराच वेळ टोपी फिरवत राहिला हातात.
"मग आता कुठून?"

मॉरीन दारातूनच ओरडली,
"मी काय सांगत होते?"