दोन पोहरे

स्प्रिंगची किंमत साडेचार सेंट.
तळहातावर ठेवली तर वजन जाणवत नाही,
खिशात ठेवली तर विसरायला होतं.
मागच्या हिवाळ्यात एक माझ्या कोटाबरोबर धुतली गेली,
तिला काही झालं नाही, कोट मात्र आटला.

ती नसेल तर पंप नाही.
पंप नाही तर ताम्पेरेतली आमची तिसरी लाइन उभी.
लाइन उभी राहिली तर मिनिटाला किती,
तो आकडा आमच्या मजल्यावर कुणी मोठ्याने बोलत नाही,
घरात दुखण्याचं नाव टाळतात तसा.

म्हणून मी दोघांना नेमलं :
एक स्लोव्हाकियात, एक बुर्सात.
तीन वर्षं नमुने, चाचण्या, घासाघीस.
पाव सेंटावर अडून बसले तेव्हा इल्केर फोनवर म्हणाला,
"आउने हानुम, पाव सेंटात तुम्हाला मिळणार काय?"
"झोप," मी म्हणाले.

पत्रकातला लाल चौकोन हिरवा झाला.
वेइक्कोने मान हलवली.
आमच्याकडे कौतुक एवढंच असतं,
आणि मला ते बरेच महिने पुरलं.

फेब्रुवारी. सकाळी नऊला अजून अंधार.
स्लोव्हाकियाहून पत्र : तीन आठवडे उशीर, तार आलेली नाही.
कॉफी ओतेपर्यंत बुर्साहून पत्र :
तार.

दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली.
दोन पोहरे, दोन दोर, दोन मुलखांच्या गाठी,
आणि आड एकच.
आडातच नसेल तर
मी वरून कितीही रहाट फिरवीन.

लेक्कोला तळ्याकडे पाठ करून चढत जायचं,
ओढ्याच्या अंगाला, जिथे बसवाला "पुढे तुम्ही चाला" म्हणतो.
अकरा माणसं, चार यंत्रं, भिंतीवर साबणाच्या भुकटीचा थर.
यंत्रं ठीक होती.
एर्मेनेजिल्दो वाल्सेक्की घरात पलंगावर होते, खुबा मोडून.
जळाऊ लाकडं घेऊन उतरताना पायरीवरून घसरले.
साच्यांना शेवटचा हात तेच फिरवतात,
अंगठ्याच्या नखाने तपासतात,
आणि नख काही कारखान्यात पाठवता येत नाही.

माझ्याकडे प्रश्नावली होती. चाळीस प्रश्न.
पूर, आग, संप, युद्ध, बंदर बंद पडणं,
संगणकावर हल्ला.
पायरी नव्हती.

ओर्नेला, त्यांची मुलगी, मध्ये बसून भाषांतर करत होती.
काही वाक्यं ती गाळत होती, हे मला कळत होतं.
म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्या पंपात किती स्प्रिंगा?"
एक.
"एकच?" ते हसले, हसताना खुबा दुखला,
तरी हसले. "मग तिथेही दुसरी ठेवा की!"
तिथे जागा नाही, मी म्हणाले.
हे वाक्य ओर्नेलाने गाळलं नाही.

परत आले. पत्रकात त्यांच्यासाठी रकाना नव्हता :
आमचा पुरवठादार आहे, पुरवठादाराचा पुरवठादारही आहे,
त्यापलीकडे पान संपतं.
मी एक रकाना वाढवला. वरती काय लिहावं ते सुचेना.
वेइक्को म्हणाला, "राहू दे कोरा, पुढच्या तिमाहीत बघू."

मग एक मागणीपत्र केलं.
लोखंडी कठडा, नग एक, जिन्यासाठी,
लेक्कोतल्याच दुकानातून, बसवून.
प्रणालीने नेहमीप्रमाणे विचारलं :
पर्यायी पुरवठादार?
मी बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिले.
बाहेर बर्फ काढणारी गाडी
एकाच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा जात होती.

एप्रिलमध्ये ओर्नेलाने फोटो पाठवला.
कठडा बसलाय, हिरवा रंग दिलाय.
त्यावर कुणाची तरी ओली मोजे-जोडी वाळत आहे.
खाली तिने लिहिलंय :
बाबा उतरतात, पण त्याला हात लावत नाहीत.